धर्मतल्याचा आवाज कुठे जातो?

मराठ्यांनी कोलकात्यात पाऊलही ठेवले नाही, तरी त्या शहराच्या नकाशावरची एक ठळक रेघ त्यांच्यामुळे उमटलेली आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात शिरल्या. बारगिरांचा तिथे ‘बर्गी’ झाला आणि बंगाली अंगाईगीतांत जाऊन बसला. तेव्हा घाबरलेल्या कोलकातेकरांनी आपल्या वस्तीभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा ठरला होता, तीन मैल झाला. मराठे काही आले नाहीत आणि काम थांबले. हाच ‘मराठा डिच’. १७९९ मध्ये त्याचा बराच भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. आजचा आचार्य प्रफुल्लचंद्र रोड तो हाच, आणि दक्षिणेला वळणारा आचार्य जगदीशचंद्र बोस रोड ही त्याचीच पुढची वाट. शहराचा पहिला वळसा-रस्ता असा एका न आलेल्या संकटातून निघाला.

मधल्या विस्तीर्ण मैदानाची कथाही भीतीचीच. १७५६ मध्ये सिराजउद्दौल्याने कोलकाता घेतल्यावर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधला आणि तोफांच्या माऱ्याला आडकाठी नको म्हणून समोरची जागा मोकळी ठेवली. त्या किल्ल्याला लष्कराने अलीकडेच आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गाचे नाव दिले आहे, आणि मैदान अजून लष्कराकडे आहे. पश्चिमेला हुगळी नदी, दक्षिणेला मैदान, पूर्वेला बुजवलेल्या खंदकाचा रस्ता. या तिन्हींच्या मध्ये जी चिंचोळी जागा उरली तिच्यात डलहौसी म्हणजे आजचा बिनय-बादल-दिनेश बाग, बडाबाजार, बोऊबाजार आणि धर्मतला वसले. सरकारी कचेऱ्या, बँका, उच्च न्यायालय, घाऊक बाजार, किरकोळ बाजार, सगळे तिथेच. शहराच्या एकूण जमिनीपैकी रस्त्यांखाली किती जमीन आहे, याचा कोलकात्याबद्दल नेहमी दिला जाणारा आकडा आहे सुमारे ६ टक्के. दिल्लीत तो २० टक्क्यांच्या वर आहे. या एका आकड्यामुळे कोलकात्याच्या मध्यभागाचे नूतनीकरण फार अवघड होऊन बसते. तिथे मोकळी करायला जागाच नसते. एकाची अडचण उचलली की ती दुसऱ्याच्या दारात ठेवावी लागते, आणि अडचणीबरोबर तिचा आवाजही तिकडेच जातो.

संध्याकाळी सहाला धर्मतल्याच्या चौकात, ज्याला एस्प्लनेडही म्हणतात, डोळे मिटून उभे राहावे. पहिल्यांदा कानावर येते ती पत्र्यावरची थाप. खासगी बसचा कंडक्टर दारात लोंबकळत तळव्याने बसच्या अंगावर थाप मारतो, पुढच्या थांब्यांची नावे एका दमात ओरडतो आणि ड्रायव्हरला ‘थांब’ किंवा ‘चल’ असा इशाराही त्या थापांनीच देतो. त्याच्यामागे उभ्या बसचे इंजिन धडधडत असते, बंद केलेले नसते. तिच्या मागची बस हॉर्न देते, कारण पुढचीने जागा अडवली आहे. पिवळी टॅक्सी हॉर्न देते ती गिऱ्हाइकासाठी. पांढऱ्या गणवेशातला वाहतूक पोलीस शिट्टी फुंकतो. शहरात कितीतरी सिग्नलांवर रवींद्रसंगीत लावण्याची प्रथा २०११ पासून आहे. हेतू चांगला, पण गर्दीच्या चौकात ते ऐकू येण्यासाठी गर्दीपेक्षा वरच्या पट्टीत वाजवावे लागते. यातले प्रत्येकजण इतरांच्या आवाजावर मात करायला धडपडतो, म्हणून एकूण पातळी चढतच जाते.

ही पातळी डेसिबलमध्ये मोजतात, आणि डेसिबलचे गणित आपल्या नेहमीच्या बेरजेसारखे नसते. एका बसचा आवाज ७० डेसिबल असेल तर तशाच दोन बसचा १४० होत नाही, ७३ होतो. ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात, दसपट झाली की १०, आणि ही दहाची वाढ कानाला साधारण दुप्पट मोठ्या आवाजासारखी वाटते. याचा नियोजनाच्या दृष्टीने अर्थ मोठा आहे. रस्त्यावरची निम्मी वाहने कमी केली तरी फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. उलट शांत गल्लीत रात्री अचानक वाजलेला एकच हॉर्न झोप मोडायला पुरतो. ‘गाड्या किती’ एवढेच मोजणारा आराखडा म्हणूनच आवाजाबद्दल फारसे काही सांगत नाही. गाड्या कशा चालतात, कुठे थांबतात, कोणत्या वेळी येतात आणि भिंतीपासून किती दूर असतात हे पाहावे लागते.

वाहन तासाला चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वर गेले की टायर आणि डांबर यांच्या घासण्याचा आवाज वरचढ होतो. त्याखाली इंजिनाचा. कोलकात्याच्या मध्यभागात गाड्या त्या वेगाला क्वचितच पोचतात, त्यामुळे तिथला गोंगाट म्हणजे मुख्यतः इंजिन, ब्रेक आणि हॉर्न. २०१९ पासून राज्य परिवहनच्या विजेवरच्या बसगाड्या शहरात धावू लागल्या. महामार्गावर विजेची बस आवाजात फार फरक पाडत नाही, पण धर्मतल्यासारख्या रांगत्या गर्दीत तिचा उपयोग खरा दिसतो, कारण उभी असताना ती जवळजवळ गप्प असते. आणि धर्मतल्यात बस चालते कमी, उभी राहते जास्त.

ती उभी का राहते? कोलकात्याच्या बहुतेक खासगी बसमध्ये ड्रायव्हर-कंडक्टरची कमाई तिकिटांच्या कमिशनवर आहे. रिकामी बस थांब्यावरून हलवली तर नुकसान त्यांचे. म्हणून ती प्रवासी भरेपर्यंत रेंगाळते, आणि मागून त्याच मार्गाची दुसरी बस येताना दिसली की सुसाट सुटते. आधी चौकात कोंडी, मग पुढच्या रस्त्यावर शर्यत. या दोन्हींचा आवाज पगाराच्या पद्धतीतून येतो. रस्ता दोन मीटर रुंद करून तो कमी होणार नाही.

२००७ च्या सप्टेंबरमध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने धर्मतल्याचा बस-थांबा सहा महिन्यांत हलवण्याचा आदेश दिला. व्हिक्टोरिया मेमोरियलच्या संगमरवराला धुराचा धोका, हे मुख्य कारण. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो आदेश कायम ठेवला. बस मात्र अजून तिथूनच सुटतात. सरकारची दिरंगाई तर आहेच, पण मला वाटते नुसत्या दिरंगाईने हे समजत नाही. लांब पल्ल्याच्या बससाठी नदीपलीकडे सांत्रागाछीला स्थानक झाले. पण दीघ्याहून आलेला माणूस सांत्रागाछीला कामासाठी येत नाही, त्याला धर्मतल्यालाच यायचे असते. मोठी बस अलीकडे थांबवली की तो माणूस लहान बस, टॅक्सी किंवा ऑटो धरून उरलेली वाट कापतो. एका वाहनाची अनेक वाहने होतात. आता भूमिगत, अनेक वाहतूक-साधने एकत्र आणणारे केंद्र धर्मतल्यातच करण्याचा प्रस्ताव आहे. तीन मेट्रो मार्ग तिथे एकत्र येणार असल्यामुळे त्यात तथ्य आहे. त्या आराखड्यात उभ्या बसला किती जागा दिली आहे हे मी पहिल्यांदा पाहीन. किती बस सुटणार हे सगळेच मोजतात. दोन फेऱ्यांच्या मध्ये ती बस कुठे उभी राहणार, तिचे इंजिन कोणाच्या खिडकीखाली चालू असणार, हे फारसे कोणी विचारत नाही.

पुस्तकमेळ्याचेही असेच झाले. मैदानावर वर्षानुवर्षे भरणारा हा मेळा पर्यावरणाच्या कारणाने २००७ मध्ये तिथून उठला. पुढच्या वर्षी पार्क सर्कसच्या मैदानात भरायचा ठरला, मांडव उभे राहिले, आणि रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने अगदी उद्घाटनाच्या तोंडावर तो थांबवला. पुस्तकांवर जीव टाकणाऱ्या शहरात हे घडले. रहिवाशांना दोष द्यावासा वाटत नाही. मैदानाभोवती घरे फार नाहीत, पार्क सर्कसला भिंतीला भिंत लागून आहेत. तोच मेळा, तीच गर्दी, पण ऐकणारी माणसे बदलली की त्रासाचे मापही बदलते.

उड्डाणपुलांची गोष्ट यापेक्षा क्लेशकारक आहे. बडाबाजाराच्या उत्तरेला विवेकानंद रोडवर दोन किलोमीटरहून थोडा लांब पूल २००९ पासून बांधला जात होता. हावड्याच्या पुलाकडे जाणारी कोंडी वरून उचलायची, हा विचार. ३१ मार्च २०१६ ला भर दुपारी गणेश टॉकीजच्या चौकात त्याचा भाग कोसळला आणि पंचवीसहून अधिक माणसे चिरडून मेली. बांधकामातल्या दोषांची चर्चा पुष्कळ झाली, व्हायलाच हवी होती. पण तो पूल धडधाकट उभा राहिला असता तरी काय झाले असते, याची चर्चा फार थोडी झाली. दोन्ही बाजूंच्या जुन्या घरांच्या सज्जांपासून तो काही ठिकाणी हाताच्या अंतरावर होता.

पुलाच्या आवाजाचे शास्त्र असे. सलग वाहत्या रस्त्यापासून अंतर दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने उतरतो, निम्मे केले की तेवढाच चढतो. जमिनीवरचा रस्ता दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपासून आठ-दहा मीटर खाली असतो. पूल तोच रस्ता उचलून खिडकीच्या पातळीवर, दोन मीटरवर आणून ठेवतो. पुलाचा कठडा खालच्या पादचाऱ्याला थोडा आडोसा देतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याला कसलाच देत नाही. पुलाच्या तुकड्यांमधल्या फटींवरून, म्हणजे सांध्यांवरून ट्रक गेला की ‘धडाम-धडाम’ असा जोड-आवाज येतो, आणि रात्री सलग गोंगाट ओसरलेला असतो तेव्हा तोच सगळ्यात जास्त टोचतो. खाली उरलेल्या रस्त्याचे काय? त्याच्या डोक्यावर छत आले. जो आवाज आकाशात निघून जात होता तो पुलाच्या पोटावर आपटून परत खाली येतो. एका रस्त्याचे दोन झाले आणि दोन्हींना ऐकणारे मिळाले. मुंबईत जे. जे. उड्डाणपुलाखालून महंमद अली रोडने चालत गेलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको. विवेकानंद रोडवरच्या पुलाचे उरलेले सांगाडे २०२१ पासून पाडायला घेतले.

बडाबाजारात रात्रही शांत नसते. जड मालवाहू गाड्यांना दिवसा मध्यभागात मज्जाव असतो, म्हणून ट्रक रात्री येतात. गठ्ठे उतरतात, ठेल्यांची लोखंडी चाके दगडी फरसावर खडखडतात, आणि डोक्यावर ओझे घेतलेला हमाल, ज्याला तिथे ‘मुटे’ म्हणतात, वाट सोडा म्हणून ओरडत गल्लीत शिरतो. दिवसाची कोंडी कमी करण्याचा निर्णय दिवसापुरता योग्यच आहे. पण देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. नेमक्या ज्या तासांत कायदा १० डेसिबल कमी मागतो, त्याच तासांत वाहतुकीचा नियम ट्रक आत सोडतो. शिवाय बडाबाजार हा नुसता बाजार नाही, गोदामांच्या डोक्यावर घरे आहेत. वेळ वाटून घेण्याचा हाच प्रकार रस्त्यांच्या दिशेबाबतही आहे: कोलकात्यातल्या अनेक रस्त्यांची एकदिशा दुपारी उलटते. सकाळी दक्षिणेकडे वाहणारा रस्ता दुपारनंतर उत्तरेकडे वाहू लागतो. थोड्या रस्त्यांतून जास्त काम काढून घेण्याची ही युक्ती मला खरोखर हुशारीची वाटते. तिच्यामुळे जुन्या गल्ल्या वाचल्या.

मग मेट्रो? जमिनीखालची वाहतूक वरचा गोंगाट गिळून टाकते, हे खरे आहे. २४ ऑक्टोबर १९८४ ला एस्प्लनेड ते भवानीपूर अशी देशातली पहिली मेट्रो धावली ती याच शहरात. पण पायाभरणी झाली होती १९७२ च्या डिसेंबरात, आणि दमदम ते टॉलीगंज हा साडेसोळा किलोमीटरचा मार्ग पुरा व्हायला १९९५ उजाडले. तेव्हा बहुतेक ठिकाणी वरून खड्डा खणून, पेटी बांधून पुन्हा बुजवायची पद्धत होती. चौरंगीसारखा शहराचा मुख्य रस्ता वर्षानुवर्षे उकललेला राहिला. खणकामाच्या काळात ज्याचे दुकान बुडाले, ज्याच्या मुलाची शाळेची सगळी वर्षे खड्ड्याशेजारी गेली, त्याच्या दृष्टीने ‘तात्पुरता त्रास’ या शब्दाला अर्थ उरत नाही. आराखड्यात बांधकामाचा काळ एका ओळीत आटोपलेला असतो. माणसाच्या आयुष्यात तो एक तप असू शकतो.

पूर्व-पश्चिम मेट्रोच्या वेळी बोगदा-यंत्रे होती, खड्ड्यांची गरज कमी झाली होती. हुगळीच्या पात्राखालचा सुमारे ५२० मीटरचा पट्टा गाडी पाऊण मिनिटात पार करते, आणि हावडा मैदान ते एस्प्लनेड हा भाग २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झाला. डलहौसीजवळ करन्सी बिल्डिंग आणि दोन ज्यू प्रार्थनास्थळे अशा संरक्षित वास्तू असल्याने पुरातत्त्व खात्याच्या परवानगीसाठी काम अडले, तिथे कंपने मोजत बोगदा नेला, आणि सगळे सुखरूप पार पडले. पुढे बोऊबाजारात मात्र ३१ ऑगस्ट २०१९ ला यंत्राने जमिनीतला पाण्याचा थर फोडला. दुर्गा पितुरी लेन आणि स्याकरापाडा लेनमधली घरे तडकली, काही कोसळली. शेकडो लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावे लागले. ‘स्याकरा’ म्हणजे सोनार. ठोकण्या-घासण्याचा बारीक आवाज हीच त्या गल्लीची ओळख. २०२२ मध्ये तिथल्या परिसरात पुन्हा दोनदा भेगा पडल्या. शेवटी २२ ऑगस्ट २०२५ ला सियालदह-एस्प्लनेड जोडले गेले आणि रस्त्याने गर्दीच्या वेळी जीव खाणारे अंतर काही मिनिटांवर आले. त्या गल्लीतल्या माणसांना या हिशेबात कुठे बसवायचे?

मध्यभागातून एखादी संस्था उठली तरी ओझे सरकते. रायटर्स बिल्डिंगच्या दुरुस्तीसाठी २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याचे सचिवालय नदीपलीकडे ‘नबान्न’ला गेले. डलहौसीचा एक मोठा भार हलका झाला, आणि हुगळीवरच्या विद्यासागर सेतूवर सकाळ-संध्याकाळचा नवा ओघ आला.

आपल्या कायद्यातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. २००६ च्या पर्यावरण-परिणाम अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण-मंजुरी लागते, त्यात वाहतूक आणि आवाज यांचा विचार येतो. पण तो एकेका इमारतीपुरता. चौरंगीवरच्या ६५ मजली ‘द फॉर्टी टू’ने किती गाड्या वाढवल्या हे वेगळे तपासले जाईल, शेजारचा मॉल वेगळा, पलीकडचे वाहनतळ वेगळे. प्रत्येकाच्या अहवालात वाढ ‘सहन होण्याजोगी’ ठरते आणि बेरीज कोणाच्याच कागदावर नसते. मेट्रोला तर त्या अधिसूचनेखाली मंजुरीच लागत नाही. परळ-लोअर परळमध्ये आपण याची किंमत पाहिली आहे. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे एकेक करून उभे राहिले, प्रत्येक रीतसर मंजूर, आणि एल्फिन्स्टन रोडचा पादचारी पूल मात्र गिरणीच्या काळातला राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला त्यावर २३ माणसे गुदमरून-चेंगरून गेली.

शंभर वर्षांपूर्वी कोलकात्याला एका माणसाने वेगळा सल्ला दिला होता. पॅट्रिक गेडिस, मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक, ज्यांच्या हाताखाली आपले गोविंद सदाशिव घुर्ये शिकले. १९१९ मध्ये त्यांनी बडाबाजाराच्या सुधारणेवर कोलकाता महापालिकेला अहवाल दिला. कोलकाता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा कल तेव्हा जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढण्याकडे होता. गेडिस यांची पद्धत उलट होती. आधी गल्लीत हिंडायचे, कोण कुठून काय वाहून नेतो ते पाहायचे, आणि मग लागेल तेवढाच छेद द्यायचा. आवाजाच्या बाबतीत हा विचार आज शास्त्रावरही उतरतो, कारण अरुंद, वाकडी, गाड्यांना बंद असलेली गल्ली मुख्य रस्त्यापासून पन्नास पावलांवरही कितीतरी शांत असते. तिला सरळ आणि रुंद केले की रस्त्याचा आवाज थेट आत येतो.

तोच चष्मा लावून पाहिले तर ट्रामचे जाणे मला फार लागते. १८७३ मध्ये घोड्यांनी आणि १९०२ पासून विजेने चाललेली ही गाडी सप्टेंबर २०२४ मध्ये मैदानाभोवतीच्या एका फेरीपुरती ठेवण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. मुंबईने १९६४ मध्ये आपली ट्राम बंद केली, त्यामुळे आपल्याला शिकवायचा अधिकार नाही. पण कोलकात्याच्या ट्रामला कितीतरी ठिकाणी झाडांखालची राखीव, गवत वाढलेली रूळवाट होती. गवत आणि माती आवाज शोषतात, काँक्रीट तो परत फेकते. मोटारींना जागा हवी म्हणून ती वाट काँक्रीटखाली गेली, ट्राम गर्दीत अडकली, आणि मग ‘ट्राममुळे कोंडी होते’ असे म्हणणे सोपे झाले. सोलमध्ये २००३ पासून मध्यभागातला उंच रस्ता पाडून त्याखालचा चंगेचन ओढा मोकळा केला, त्याच सुमारास बसव्यवस्था नव्याने बांधली, आणि शहर ठप्प झाले नाही. आधी बस सुधारा, मग रस्ता काढून घ्या, हा क्रम कोलकात्याला परवडणारा आहे.

जगदीशचंद्र बोस रोडवर, जिथे त्या रस्त्यावरचा उड्डाणपूल रेसकोर्सच्या बाजूला उतरतो त्याच परिसरात, एस.एस.के.एम. रुग्णालय आहे. डासांमधून मलेरिया कसा पसरतो यावर रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये संशोधन केले ते कोलकात्याच्या याच आवारात. रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर हे कायद्याने शांतता क्षेत्र आहे, मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ पासून मोठ्या शहरांत आवाज सतत मोजणारी केंद्रे बसवली, त्यातले एक इथे आहे. यंत्र दिवसरात्र आकडे देते. खाली रुग्णवाहिका रस्ता मागत भोंगा वाजवते, तिच्यापुढची गाडी हलत नाही, आणि तिच्यापुढच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवतो. वॉर्डाची खिडकी उन्हाळ्यात उघडीच असते.